रजा नदीला विचारून टाक

(तीर्थनला निघालेल्या भाचीला मामाचा कानमंत्र)

रॉड घेतलास, बूट घेतलेस, आता तिकिटं काढते म्हणतेस. थांब जरा. तिकिटं सगळ्यांत शेवटी. ट्राउटमागे हिमाचलात जाणारी आपली माणसं शाळा-ऑफिसच्या सुट्ट्या बघून नदी गाठतात, म्हणजे मे महिना नाहीतर दिवाळी. तीर्थनवर मे हा अर्ध्या दिवसाचा महिना. दिवाळी नोव्हेंबरात आली तर तुला कुणी परवानाच देणार नाही, कारण १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर तिथे ट्राउट धरायला बंदी असते. तेव्हा आधी माशाचं वर्ष समजून घे, मग त्यात आपली रजा बसव.

माशाचं वर्ष

ब्राउन ट्राउट मूळचा हिमालयातला नाही. १९०० च्या सुमारास ब्रिटिशांनी त्याची अंडी विलायतेहून काश्मिरात आणली, आणि १९०९ मध्ये तो काश्मिरातून कुल्लूच्या नद्यांत आला. मुलूख बदलला तरी सवय तीच राहिली. थंडी पडायला लागली की मादी उथळ पाण्यातल्या बारीक खड्यांवर आडवी होते, शेपटीने खडे उडवून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा खडे लोटते. खड्यांच्या फटींतून गार, स्वच्छ पाणी वाहत राहिलं तरच अंडी जगतात. पाणी जितकं थंड तितका पिल्लांना उशीर. बाहेर आलेली पिल्लंही पोटाखालची पिवळ्या बलकाची पिशवी संपेपर्यंत खड्यांतच दडून बसतात. बंदी चार महिन्यांची का, हे एवढ्यावरून कळावं.

मार्च-एप्रिल: हळू मासा, हळू हात

बंदी उठली म्हणून १ मार्चला धावत जाऊ नकोस. पाणी नुसतं बर्फासारखं असतं. मासा तळाशी, संथ पाण्यात असतो आणि खाण्यासाठी फारसा हलत नाही. एक छोटा थर्मामीटर दोरीला बांधून जवळ ठेव. पाणी १० ते १६ अंशांत असेल तर ट्राउट मनापासून खातो. त्याच्या खाली असेल तर सकाळी लवकर उठून हौस दाखवायची गरज नाही. निवांत नाश्ता कर आणि ऊन चढल्यावर, अकरा ते तीनच्या दरम्यान पाण्याजवळ जा. फ्लाय, म्हणजे किड्यासारखा दिसेल असा बांधलेला गळ, जड हवी, तळाजवळून जाणारी.

या दोन महिन्यांत एक पथ्य सांभाळ. स्वच्छ, एकसारख्या बारीक खड्यांच्या उथळ पट्ट्यावर पाय देऊ नकोस. पिल्लं अजून खाली असतील. मोठ्या दगडांवरून किंवा काठाने जा.

मे-जून: सकाळ तुझी, दुपार बर्फाची

तीर्थन ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या बर्फातून येते. ऊन तापलं की वरचं बर्फ वितळतं आणि दुपारनंतर खाली पाणी चढू लागतं, राखाडी होतं. रात्रीच्या गारठ्यात वितळणं मंदावतं, म्हणून सकाळी पाणी त्यातल्या त्यात उतरलेलं आणि नितळ मिळतं. मेमध्येच जायचं असेल तर उजाडताना पाण्यावर हजर राहा आणि जेवणाच्या वेळी रॉड गुंडाळ. मुख्य प्रवाह गढूळ असेल तर बाजूच्या ओढ्याचं स्वच्छ पाणी नदीला मिळतं ती जागा शोध. गढूळ आणि नितळ पाण्याच्या शिवेवर मासा हमखास उभा असतो.

जुलै-ऑगस्ट: घरी बस

श्रावणात आपल्याकडे बऱ्याच घरांत मासे बंद असतात. तीर्थनवरही तसंच समज. पाणी चहाच्या रंगाचं, डोंगर ओले, दरडींचा नेम नाही. ढगफुटी दहा मैल वर झाली तरी लोंढा तुझ्यापर्यंत येतो, आणि तुझ्या डोक्यावर तेव्हा लख्ख ऊन असू शकतं. हे दिवस घरी फ्लाय बांधण्यात घालव.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबर: हेच दिवस

माझं ऐकशील तर गणपती गेले की बॅग भर. पितृपक्षात ऑफिसात रजा मागणारे कमी असतात, लग्नं नसतात, मुहूर्त नसतात. त्या दिवसांत मासे खायचे नाहीत म्हणून आई कुरकुरेल. तिला सांग की धरून सोडायचेच आहेत. पाऊस मागे सरलेला असतो, पाणी काचेसारखं होतं, आणि थंडीच्या आधी मासा भूक धरून खातो. काठच्या गवतातले नाकतोडे वाऱ्याने पाण्यात पडतात, म्हणून दुपारीसुद्धा वर तरंगणारी फ्लाय चालते. मात्र पाणी इतकं नितळ असतं की तुझी सावलीही मासे पळवून लावते. लाल शर्ट घरी ठेव.

ऑक्टोबर संपत आला की खड्यांच्या स्वच्छ पट्ट्यावर कधीकधी दोन मासे जोडीने दिसतात. रंग गडद, जागा सोडत नाहीत, सहज हाती लागतील असे. परवाना खिशात असला तरी त्यांच्यावर गळ टाकायचा नाही. पुढच्या वर्षीचे मासे तेच आहेत.

रॉड उघडण्याआधी दगड उलट

नदीवर पोचल्यावर पहिला अर्धा तास रॉड बंदच ठेव. गुडघाभर पाण्यातून नारळाएवढा एक दगड उचल आणि खालची बाजू वर करून बघ. निरखून बघ, कारण आधी काहीच दिसणार नाही. मग ओल्या दगडावर एक चपटा, तपकिरी ठिपका सरकेल. त्याला बहुधा तीन शेपट्या दिसतील, पोटाच्या बाजूंना पिसांसारखे कल्ले हलत असतील. ती मेफ्लायची अळी. शेजारीच वाळूचे कण एकाला एक चिकटवून केलेली, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी नळी असेल. हलकेच दाबलीस तर आतली कॅडिसची अळी डोकं आत ओढून घेईल. दोन शेपट्यांची, ठसठशीत पायांची एखादी अळी तुरुतुरु दगडाच्या कडेला पळेल, ती स्टोनफ्लाय. ती दिसली की पाणी थंड आणि स्वच्छ आहे हे समज. बघून झालं की दगड होता तसा परत ठेव.

आता फ्लायची डबी उघड आणि दगडावरच्या त्या ठिपक्याच्या आकाराची आणि रंगाची फ्लाय काढ. आकार आधी, रंग नंतर. ट्राउट आपलं बहुतेक खाणं पाण्याखालीच उरकतो, तेव्हा वर माशा उडताना दिसत नाहीत म्हणून निराश होऊ नकोस. फेझंट टेल नावाची फ्लाय चार-पाच नग ठेव, १४ आणि १६ नंबरची. इंग्लंडात एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयरने ती तयार केली. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार, बस्स. तारेच्या वजनाने ती बुडते आणि मेफ्लायच्या अळीसारखी दिसते. जोडीला हेअर्स इअर, वर तरंगायला अ‍ॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस. डबीत शंभर प्रकार बाळगणारा माणूस दिवसभर फ्लायच बदलत बसतो.

सामान थोडक्यात

साडेआठ-नऊ फुटी, चार किंवा पाच नंबरचा रॉड, त्याच नंबरची तरंगणारी लाइन, नऊ फुटी लीडर (लाइनच्या टोकाचा निमुळता नायलॉन), पुढे फोर एक्स किंवा फाइव्ह एक्स टिपेट (फ्लाय बांधायचा बारीक धागा). गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली कर. कोरडी गाठ आवळताना घासून तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होतं. पोलराइज्ड चष्मा रॉडइतकाच महत्त्वाचा, त्याशिवाय पाण्याखालचं काही दिसत नाही. प्रत्येक गळाचा उलटा काटा घरूनच पकडीने दाबून सपाट करून ने. मासा सोडताना सोपं जातं, आणि गळ कधीतरी तुझ्याच बोटात घुसेल तेव्हा माझी आठवण काढशील.

टाकायचं कसं

कोकणात आजोबांबरोबर गळ टाकलास तेव्हा शिसं दोरीला ओढून नेत होतं. इथे फ्लायला वजनच नाही. वजन आहे ते लाइनचं. म्हणून जोराने काही होत नाही, वेळ साधावी लागते. रॉड मागे नेलास की थांब, लाइन मागे पूर्ण उलगडू दे, मगच पुढे आण. झोपाळा मागे पूर्ण गेल्याशिवाय आपण पुढे ढकलत नाही, तसं. मागे चाबकासारखा फटका ऐकू आला तर घाई केलीस असं समज, आणि फ्लाय अजून जागेवर आहे का ते आधी तपास.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालून वर चढत जा, त्याच्या पाठीमागून. पहिली फेक काठालगत, दुसरी त्याहून थोडी आत. लोक थेट नदीच्या मध्यावर टाकतात आणि पायाशी असलेला मासा पळवतात. मोठ्या दगडापुढची फुगवटी, दगडामागचं शांत पाणी, वेगवान आणि संथ पाण्याची शिवण या तीन जागा सोडू नकोस. फेक लांब नको. वीस-पंचवीस फूट नीट जमलं तर तीर्थनवर पुष्कळ झालं.

फ्लाय पडली की ती पाण्याच्याच वेगाने वाहिली पाहिजे. मधला वेगवान प्रवाह लाइन ओढतो आणि फ्लाय फरफटते. मासा तिला शिवत नाही. त्यासाठी लाइन पाण्यावर पडल्या-पडल्या मनगटाने तिचा मधला भाग प्रवाहाच्या वरच्या अंगाला उचलून टाक. मग लाइनच्या टोकावर नजर ठेव. हिसका बसेल अशी वाट बघू नकोस. वाहणारं टोक क्षणभर अडेल, एखादं बोटभर मागे राहील, तेवढंच. अडलं की रॉड उचल. दहापैकी आठदा तो दगड निघेल, तरी उचल.

धरलास, आता सोड

मासा हाती घेण्याआधी हात पाण्यात बुडव. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. पिळू नकोस, कल्ल्यांत बोटं घालू नकोस, फोटोसाठी गवतावर तर मुळीच ठेवू नकोस. पाण्यातच गळ काढ, तोंड प्रवाहाकडे करून खालून हलका आधार दे, आणि तो स्वतःहून निघेपर्यंत थांब. थर्मामीटर २० अंश दाखवायला लागला तर त्या दिवशी मासेमारी बंद. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो. झुंजून दमलेला मासा सोडला तरी पुढे जाऊन मरतो.

खायचीच इच्छा झाली तर तळ्यात वाढवलेला रेनबो ट्राउट तिकडे मिळतो. तो विकत घे. हळद, मीठ, लिंबू लावून तव्यावर परत, मसाल्यात बुडवू नकोस.

चार गोष्टी जिवाच्या

परवाना मत्स्यविभागाकडून दिवसाचा काढ आणि पाठीमागचे नियम वाच: किती मासे, किती लांबीचे, कुठल्या टप्प्यात. नॅशनल पार्कच्या हद्दीत शिरायला वेगळी परवानगी लागते.

पाण्यात गुडघ्याच्या फार वर जाऊ नकोस. काठी जवळ ठेव, पाठीवरच्या पिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेव. आल्या-आल्या काठच्या एका दगडावर पाण्याची रेघ हेरून ठेव आणि अधूनमधून तिकडे बघ. रेघ बुडाली, पाण्यात पानं-काटक्या वाढल्या, रंग पालटला, यातलं काहीही झालं की लाइन गुंडाळण्यातही वेळ न घालवता वर चढ.

तीर्थन लारजीजवळ बियासला मिळते आणि तिथे धरण आहे. त्याच्या खाली बियासच्या पात्रात पाऊल टाकू नकोस, कितीही कोरडं दिसलं तरी. ८ जून २०१४ ला धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ते पात्रातल्या दगडांवर फोटो काढत उभे होते.

गावातल्या वडीलधाऱ्यांना चाचाजी म्हणून हाक मार आणि कुठे टाकू ते विचार. एखादा डोह देवतेचा आहे, तिथे नको, असं म्हणाले तर वाद घालू नकोस. महाडजवळ वाळणकोंडीतले मासे आपणही देवीचे म्हणून धरत नाही.

आणि एक वही

दर संध्याकाळी पाच गोष्टी लिही: तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, पाण्याचा रंग, आणि दगडाखाली काय मिळालं. मासे किती मिळाले हे सहावं. ते राहिलं तरी चालेल. दोन-तीन वर्षांत ती वही माझ्यापेक्षा शहाणी होईल. मग मला फोन करू नकोस, ती उघड आणि रजेचा अर्ज भर.