फोनमधील अडगळ आणि आपला दप्तरखाना

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांकडून वसतिगृहातील जुनी छायाचित्रे मागवली, तेव्हा बहुतेक उत्तरे दोनच प्रकारची आली. "सर, फोनमध्ये कुठेतरी आहे, पण सापडत नाही," हे एक. आणि "जागा संपली म्हणून काढून टाकले," हे दुसरे. दोहोंचे मूळ एकच आहे. आपण साठवतो पुष्कळ, निवडत काहीच नाही. मग एके दिवशी जागा संपल्याची सूचना येते आणि कर्जत लोकलमध्ये बसल्या बसल्या घाईने सुक्याबरोबर ओलेही जळते.

अडगळ काढलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेजचा भाग उघडला की पाच एमबीहून मोठ्या आणि वारंवार फॉरवर्ड झालेल्या फायली वेगळ्या दिसतात. जयंतीच्या दिवशी दहा गटांतून आलेली शुभेच्छाचित्रे आणि सुप्रभातचे संदेश प्रथम तेथूनच काढावेत. सोबत, फायली आपोआप डाउनलोड होण्याची सोयही बंद करावी.

न वापरलेल्या अ‍ॅपचा प्रश्न अधिक गंभीर आहे. एखाद्या कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला कधी काळी आपल्या संपर्कयादीची परवानगी दिलेली असते आणि आपण ते विसरून जातो. केवळ अ‍ॅप काढल्याने तेथील खाते बंद होत नाही. आधी खाते बंद करावे, मग अ‍ॅप काढावे. विसरलेली संगणकीय आज्ञावली निरुपद्रवी नसते, याचा धडा अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार कंपनीला १ ऑगस्ट २०१२ रोजी मिळाला. अनेक वर्षे न वापरलेला जुना कोड तिच्या सर्व्हरवर तसाच राहिला होता. नवा कोड एका सर्व्हरवर चढवायचा राहिला, तेथे जुना जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले.

परंतु इतिहासाचा शिक्षक म्हणून मला दुसरी बाजू अधिक बोचते. बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर त्यांचे हस्तलिखित कागद दिल्लीतील अलीपूर रोडच्या घरी होते. १९६७ मध्ये ते घर रिकामे करून घेताना कागद उघड्यावर टाकले गेले आणि त्यांतील बरेच पावसात नष्ट झाले, अशी नोंद त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी केली आहे. टाकणाऱ्यांच्या लेखी ती अडगळच होती. वाचलेल्या कागदांतून पुढे वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून महाराष्ट्र शासनाचे खंड निघू लागले. बाबासाहेबांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले 'रिडल्स इन हिंदुइझम' १९८७ मध्ये छापले गेले, ते त्यामुळेच.

हीच चूक माझ्याही हातून घडली. संगणक खोलीतील जुने यंत्र साफ करताना 'नवीन फोल्डर २' या नावाचा फोल्डर मी न उघडताच पुसला. त्यात पहिल्या तुकड्यांच्या सहलींची छायाचित्रे होती, हे दोन महिन्यांनी कळले. त्यातील काही मुलांच्या घरी त्यांच्या बालपणीचे दुसरे एकही छायाचित्र नाही. नाव नीट दिलेले नसेल तर फाईल उघडून पाहावी, एवढे साधे काम मी टाळले होते.

गुगल फोटोजविषयी एक सावधगिरी. बॅकअप चालू असताना तेथून छायाचित्र काढले की ते फोनमधून आणि ऑनलाइन खात्यातूनही जाते. बॅकअप झालेले चित्र ट्रॅशमध्ये ६० दिवस राहते, नंतर कायमचे पुसले जाते. जातीचा दाखला, सातबारा, आजीच्या आवाजातली ओवी अशा गोष्टी आधी पेन ड्राइव्हवर उतरवाव्यात. आपल्या भागात पावसाळ्यात घरात पाणी शिरले, तर फोनमधली प्रत हीच कित्येकदा एकमेव उरते.

चुल्लवग्गात राजा उदेन भदंत आनंदांना विचारतो की इतक्या चीवरांचे काय करणार. आनंद सांगतात, ती जीर्ण चीवरांच्या भिक्खूंना वाटू. जुन्या चीवरांचे पलंगपोस होतील, मग गादीचे अभ्रे, जमिनीवरची बैठक, पायपुसणी, फडकी आणि शेवटी त्यांचे तुकडे चिखलात मळून जमीन लिंपण्यास वापरू. प्रत्येक पायरीवर वस्तू हातात घेऊन पाहिली जाते.

ज्यांच्याकडे शाळेची छायाचित्रे अजून आहेत, त्यांनी ती वर्ष आणि मुलांची नावे लिहून पाठवावीत. या वेळी मी फोल्डरला नाव देणार आहे.