दिवसा सुट्या, रात्री सोबत

आयर्लंडचा व्हिसा हातात पडला, असं तू परवा फोनवर सांगितलंस आणि मला माझं २००९ सालचं गॅलवे आठवलं. तू आणि तुझी मैत्रीण, दोघींची पहिलीच परदेशवारी, तीन आठवडे, पाठीवर सॅक, मुक्काम हॉस्टेलात. तुझ्या आईनं ‘पब’ या शब्दाचा धसका घेतलाय, त्याबद्दल मी तिच्याशी बोलेन. मला काळजी आहे ती तुमच्या मैत्रीची. पैसे संपले तर घरून पाठवता येतात, कपडे हरवले तर नवे घेता येतात. पण तीन आठवडे चोवीस तास एकत्र राहून मनं दुखावली, तर ती सांधायला वर्षं जातात. म्हणून मावशीचे हे चार शब्द. नीट वाच, आणि मैत्रिणीलाही वाचायला दे.

पहिला आणि सगळ्यांत मोठा नियम

गॅलवेत आमचा चौथा दिवस होता. माझ्या मैत्रिणीला मोहेरचे कडे बघायचे होते, मला कॉरिब नदीच्या काठी नुसतं बसायचं होतं. तीन दिवस एकमेकींचं मन राखत होतो, ते त्या सकाळी फुटलं. नको ते बोललो. ती एकटीच बस पकडून गेली. कुठे भेटायचं, किती वाजता भेटायचं, काहीच ठरलं नाही. जूनमध्ये तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे किती वाजले याचं भानच राहत नाही. अंधार पडला तेव्हा मी दचकले. तिचा फोन बंद. मी हॉस्टेलच्या दारातल्या बाकावर बसून राहिले. साडेअकराला ती आली. परतीची बस चुकली होती आणि फोनची बॅटरी संपली होती. आम्ही दोघी तिथंच रडलो आणि त्याच रात्री नियम केला: दिवसा सुट्या, रात्री सोबत.

दिवसा आवडीनिवडी वेगळ्या असतील तर खुशाल वेगळ्या वाटांनी जा. एकीला संग्रहालय, दुसरीला बाजार, यात मन मोडण्यासारखं काही नाही. दर तीन-चार दिवसांनी अर्धा दिवस मुद्दाम सुटं फिरा, म्हणजे संध्याकाळी एकमेकींना सांगायला काहीतरी असेल. पण भेटायची जागा आणि वेळ तोंडी ठरवून, कागदावर लिहून मगच पांगा. अंधार पडला की मात्र दोघी एकत्र. आत एकत्र गेलात तर बाहेरही एकत्रच या. एकीला कितीही मजा येत असली आणि दुसरीला कितीही झोप येत असली, तरी हा नियम मोडायचा नाही.

निघण्याआधी

आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. त्यामुळे शेंगेनचा व्हिसा तिथे चालत नाही आणि आयरिश व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्याहून फसवी गोष्ट बेलफास्टची. डब्लिनहून बेलफास्टला बस जाते, वाटेत नाका नाही, सहसा कुणी थांबवत नाही, म्हणून पोरं बिनधास्त बसतात. पण उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये येतं, चलनही पौंड. तुमच्या व्हिसावर ब्रिटनला जायची मुभा आहे की नाही, हे तपासल्याशिवाय त्या बसमध्ये पाऊल ठेवू नका.

एकमेकींच्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत दुसरीच्या सॅकमध्ये ठेवा. दोघींनी एकमेकींच्या आईचा नंबर पाठ करा. फोनमध्ये असून उपयोग नाही, फोनच हरवतो. तिकडे अडचणीत ११२ किंवा ९९९ लावायचा. प्लग ब्रिटनसारखा चौकोनी तीन पिनांचा लागतो, आपला बसत नाही. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानात ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत नाही.

आजी तुपाची बरणी आणि पेढे बांधून देईल. तिच्या पाया पड आणि ते घरीच ठेव. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणू देत नाहीत. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, खाकरे घे.

छत्री नको. अटलांटिकच्या वाऱ्यापुढे ती एका झटक्यात उलटी होते. टोपीचा चांगला रेनकोट आणि वापरून मऊ झालेले बूट घे.

हॉस्टेल

रिचर्ड शिरमान नावाचा एक जर्मन शिक्षक होता. १९०९ साली तो शाळेच्या मुलांना घेऊन पायी सहलीवर निघाला होता. वादळात सापडल्यावर त्यानं एका रिकाम्या शाळेत रात्र काढली आणि त्याला वाटलं, पायी हिंडणाऱ्या मुलांसाठी गावोगावी अशी निवाऱ्याची जागा का असू नये? यूथ हॉस्टेल त्या रात्रीतून जन्माला आलं. आपल्याकडची पोरं यूथ हॉस्टेलच्या हिमालयातल्या ट्रेकना जातात, ती याच झाडाची फांदी. आता तिकडची बरीच हॉस्टेलं खासगी आहेत, पण मूळ भाव तोच: आलेल्याला पाठ टेकायला जागा, आणि त्यानं दुसऱ्याची झोप मोडायची नाही.

राजगडावर पद्मावतीच्या देवळात तू झोपली आहेस. उशिरा पोचलेला गट टॉर्च मारत, प्लॅस्टिकच्या पिशव्या चुरचुरवत जागा शोधायला लागला की किती संताप येतो, ते आठव. डॉर्ममध्ये तसंच वाग, जसं त्या गटानं वागावं असं तुला वाटलं होतं. पहाटेची बस असेल तर सॅक आदल्या संध्याकाळीच भरून दाराशी ठेव. सकाळचे कपडे उशाला. कपडे कापडी पिशव्यांत भर, त्या वाजत नाहीत. गजर एकदाच वाजू दे आणि लगेच बंद कर.

कुलूप घरून ने. लॉकर असतो, पण कुलूप बहुतेक ठिकाणी आपलं लागतं. पासपोर्ट, पैसे आणि कार्ड झोपताना अंगाजवळ. आंघोळीला जाताना रबरी चप्पल आणि पटकन वाळणारा पंचा. टॉवेलचे बहुधा वेगळे पैसे घेतात. खोलीत शिरल्यावर आधी गादीच्या शिवणी आणि कोपरे बघ. काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण समज, सॅक जमिनीवर न टेकवता काउंटरवर जा आणि खोली बदलून माग. भीड धरू नकोस. दोघींना मुलींची डॉर्म हवी असेल तर बुकिंग करतानाच तशी घ्या.

स्वयंपाकघर हे हॉस्टेलमधलं खरं अंगण. बाहेरचं जेवण महाग, इथे दोघींचं भागतं आणि ओळखीही इथेच होतात. फ्रिजमधल्या पिशवीवर नाव आणि जायची तारीख लिही. ‘फुकट’ लिहिलेल्या फळीवर आधीचे प्रवासी तांदूळ, पास्ता, मीठ, तेल ठेवून जातात. तिथलं घ्या आणि निघताना तुमचं उरलेलं ठेवा. एक मात्र लक्षात ठेव: फोडणी. माझ्या मैत्रिणीनं मोहरी-मिरचीची कडकडीत फोडणी दिली, धूर छताकडे गेला आणि आगीची घंटा वाजली. सगळं हॉस्टेल, कुणी पायजम्यात, कुणी टॉवेलवर, पावसात रस्त्यावर उभं राहिलं. तेव्हा खिडकी उघड, पंखा लाव आणि तेल तापवताना मध्यम आचेवरच ठेव. मुगाची खिचडी करशील तेव्हा दोन वाट्या जास्त घाल. शेजारच्या ओट्यावर पाव-चीज खाणाऱ्या पोराला एक वाटी दे. आम्हाला पुढच्या आठवड्याचा सगळा रस्ता अशाच एका वाटीनं सांगितला.

पैसे

कॉलेजातलं तुमचं टीटीएमएम, ‘तुझं तू, माझं मी’, तिकडे टिकत नाही. दर कॉफीला हिशेब मांडला की चौथ्या दिवशी मनात वही उघडते. दोघींनी सारखीच काँट्री काढून एक वेगळा बटवा करा. बस, खोली, वाणसामान त्यातून. पब, खरेदी, भेटवस्तू जिच्या तिच्या खिशातून. म्हणजे एकीनं कमी घेतली किंवा मुळीच घेतली नाही तरी तिला दुसरीचा भुर्दंड नाही. रोजचा आकडा निघण्याआधीच ठरवा. तुमच्यात जिच्याकडे कमी पैसे आहेत, तिच्या आकड्यानं चाला. जास्त असलेलीनं हे मनापासून मान्य केलं, तर मैत्रीला तडा जात नाही.

पब

आता आईच्या धसक्याकडे येऊ. पबचा मूळ शब्द ‘पब्लिक हाउस’, म्हणजे गावाची ओसरी. तिथे म्हातारे पेपर वाचतात, शेजारी गप्पा मारतात, दुपारी सूप आणि तपकिरी सोडा ब्रेड मिळतो. २००४ पासून आत धूम्रपानाला बंदी आहे, साऱ्या देशात अशी बंदी घालणारा आयर्लंड हा जगातला पहिला देश. पिणार नसाल तरी जा. सोडा-लिंबू मागितलं तर कुणी भुवई उंचावत नाही.

पिणार की नाही, आणि किती, हे हॉस्टेलातून निघतानाच ठरवा. आत गेल्यावर ठरवायचं म्हटलं की दुसरेच ठरवतात. रिकाम्या पोटी जाऊ नका. काउंटरवर जाऊन मागायचं, तिथेच पैसे द्यायचे. टेबलाशी बसून वाट बघितली तर बहुधा कुणी येत नाही. नोट हलवू नका, हाका मारू नका. कोण आधी आलं ते पलीकडच्याला बरोबर ठाऊक असतं. अठरा वर्षं पूर्ण असल्याचा पुरावा मागतात आणि तुमच्याकडे तो पासपोर्टच असणार, म्हणून तो आतल्या चेनच्या खिशात ठेवा. गिनेस मागवलीत तर धीर धरा. ग्लास तिरका धरून पाऊण भरतात आणि बाजूला ठेवतात. करड्या लाटा खाली खाली जात राहतात, काळा रंग तळातून वर चढतो, मग वरचा फेस भरतात. तोवर हात पुढे करायचा नाही.

तिकडची खरी पारख ‘राऊंड’मध्ये होते. एकानं सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. दुसऱ्यांचं घेतलं आणि आपली पाळी आली तेव्हा उठून निघून गेलं, ही तिथली सगळ्यांत मोठी अशिष्टता. पण हिशेब कर: पाइंट ५६८ मिलिलिटरचा. सहा जणांच्या राऊंडमध्ये शिरलात तर सहा पाइंट, म्हणजे जवळजवळ साडेतीन लिटर. म्हणून सुरुवातीलाच हसून सांगा, “आम्ही आमचं घेतो.” कुणी वाईट मानत नाही. अर्धा पाइंट मागण्यात कमीपणा नाही, आणि प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी. नळाचं पाणी फुकट आणि चांगलं असतं. आपला ग्लास नजरेआड करायचा नाही. बाथरूमला जाताना मैत्रिणीच्या हातात द्या. ती नसेल तर उरलेला सोडून द्या.

डब्लिनच्या टेंपल बारमध्ये एक चक्कर मारा, पण तिथे दर चढे आणि गर्दी पर्यटकांची. स्मिथफील्ड भागात ‘कॉबलस्टोन’ नावाचा पब आहे, तिथे पारंपरिक संगीत ऐका. २०२१ मध्ये त्या जागी हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा डब्लिनकर रस्त्यावर उतरले आणि महापालिकेनं परवानगी नाकारली. पबवर लोकांचा जीव असा असतो. पश्चिमेला डूलिन गावीही हे संगीत मुरलेलं आहे. एका कोपऱ्यात टेबलाभोवती फिडल, बासरी, आपल्या डफासारखा बोडरान घेऊन मंडळी गोल करून बसतात. मंच नाही, माइक नाही. भजनी मंडळात एकानं अभंग उचलावा आणि बाकीच्यांनी झेलावा, अगदी तसं. त्या गोलातल्या रिकाम्या खुर्चीवर बसू नका, ती येणाऱ्या वादकाची असते. गॅलवेत एका रात्री वाद्यं थांबली आणि एका आजोबांनी डोळे मिटून, साथीशिवाय, त्यांच्या आयरिश भाषेत गाणं सुरू केलं. भरलेला पब क्षणात गप्प झाला. ग्लास ठेवण्याचाही आवाज नाही. मला एक शब्द कळत नव्हता, पण शेजारी मैत्रिणीनं माझा हात घट्ट धरला होता. मनात उरलेलं भांडण त्याच हातात विरघळून गेलं.

रविवार सोडला तर पब साडेअकराला, शुक्रवार-शनिवारी साडेबाराला बंद होतात. तेव्हा रस्त्यावर एकदम गर्दी लोटते. तुम्ही त्याच्या अर्धा तास आधी निघा, शेवटच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा. दोघींमध्ये एक खुणेचा शब्द ठरवा, आपल्या मराठीतला. तो कानावर पडला की दुसरीनं कारण न विचारता पर्स उचलायची. का, ते हॉस्टेलात पोचल्यावर विचारा.

रविवारी दोघी माझ्याकडे या. सॅक पूर्ण भरून आणा आणि लिफ्ट न वापरता चौथ्या मजल्यावर चढून या. दम लागला तर आपण तिघी मिळून सामान कमी करू. आणि तो खुणेचा शब्द ठरवूनच या, मला ऐकायचा आहे.

तुझी मावशी