लेखनाचा संचय कसा करावा?

परीक्षा संपली की मुलांच्या वह्या रद्दीत जातात. वर्षभराचे निबंध, पत्रे, भाषणे किलोच्या भावाने विकली जातात. पुढे कोणी "तुझे लिखाण दाखव" म्हटले की हात रिकामे! ही हानी आपण थांबवू शकतो.

त्यासाठी गुगल डॉक्स हे विनामूल्य साधन मोबाईलवरही चालते. स्वतःच्या नावाचे फोल्डर करून प्रत्येक लेखाला शीर्षक व तारीख द्यावी. टंकलेखन जमत नसेल तर माईक दाबून मराठीत बोलावे, अक्षरे उमटतात. मात्र शुद्धलेखन आपणच तपासावे.

संगणकावर त्याच लेखाची जुनी रूपे पाहता येतात. कोणते वाक्य केव्हा बदलले ते कळते आणि आपली प्रगती आपल्यालाच दिसते. शिक्षकांना फक्त अभिप्रायाची परवानगी द्यावी. चूक त्यांनी दाखवावी, दुरुस्ती विद्यार्थ्याने करावी.

एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन वर्षे न वापरलेले खाते गुगल काढून टाकू शकते. म्हणून खाते अधूनमधून उघडावे व एक प्रत पेनड्राईव्हवर ठेवावी.

विद्यार्थी मित्रांनो, दरवर्षी उत्तम असे पाच लेख निवडा आणि प्रत्येकाखाली "यातून मी काय शिकलो" हे चार ओळींत लिहा. हीच आपली खरी गुणपत्रिका होय.