विहिरीवरील यारी आणि ट्रॅक्टरची दंतचक्रे

जयपूर नगराच्या उत्तरेस सुमारे अकरा किलोमीटरांवर आमेरचा किल्ला आहे. किल्ला डोंगरावर आणि पाणी पायथ्याच्या मावठा तलावात, अशी तेथील परिस्थिती. हे पाणी वर राजवाड्यापर्यंत नेण्यासाठी जुन्या काळच्या कारागिरांनी डोंगराच्या उतारावर टप्प्याटप्प्याने रहाट बसविले होते. एका रहाटाने पाणी एका टाक्यात चढवावयाचे, तेथून दुसऱ्या रहाटाने त्याच्या वरच्या टाक्यात, याप्रमाणे ते गडावर पोहोचत असे. या रचनेचे अवशेष आजही पाहावयास मिळतात.

ओझे वर उचलण्याचा प्रश्न या प्रदेशात असा फार जुना आहे. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील पाणी उपसण्याच्या दोन रीती नोंदविल्या आहेत. लाहोर, दीपालपूर, सरहिंद या भागांत दात्यांच्या चाकांचा रहाट चाले. आग्रा, बयाना या बाजूस चामड्याच्या मोठ्या मोटेने पाणी ओढीत. बयाना हे गाव आजच्या राजस्थानातच आहे. राजस्थानात या मोटेला ‘चडस’ म्हणतात. महाराष्ट्रातील मोट आणि तेथील चडस यांचे तत्त्व एकच: बैल धावेवरून उतारास चालत जातात, नाडा चाकावरून सरकतो आणि मोट वर येते.

रहाट आणि मोट यांत मात्र एक मूलभूत भेद आहे. मोटेत बैल जेवढे चालतात तेवढीच मोट वर येते. रहाटात आडव्या चाकाचे दाते उभ्या चाकाच्या दात्यांत गुंततात, आणि बैलाची गोलाकार चाल लोट्यांच्या माळेच्या उभ्या गतीत पालटते. दात्यांच्या संख्येवरून माळेचा वेग कमीअधिक करता येतो. दंतचक्राचे सारे महत्त्व या एका गोष्टीत सामावलेले आहे.

पंप असताना यारी कशाला?

आता चडस गेली आणि विजेवर चालणारे पंप आले. तरी विहिरीवरील उचलयंत्राची गरज संपलेली नाही. जयपूरच्या ईशान्येस असलेल्या रामगढच्या जलाशयात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती झाल्या होत्या. पुढे तो जलाशय कोरडा पडला. जयपूर जिल्ह्यात भूगर्भातील पाण्याचा उपसा हा पावसाने होणाऱ्या भरणापेक्षा अधिक आहे. पाण्याची पातळी खाली गेली की शेतकऱ्यापुढे दोन मार्ग उरतात: नवी विंधणविहीर घ्यावयाची, किंवा जुनी विहीर आणखी खोल खणावयाची.

विहीर खोल करावयाची म्हणजे दगड फोडावयाचा आणि तो वर काढावयाचा. पाणी पंपाने वर येते. दगड पंपाने येत नाही. तीन मीटर व्यासाची विहीर केवळ एक मीटर खोल करावयाची असे समजू. तिच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे सात चौरस मीटर, म्हणून निघणारा खडक सुमारे सात घनमीटर. एका घनमीटर खडकाचे वजन सुमारे २,६०० किलोग्रॅम धरल्यास एकूण वजन १८,००० किलोग्रॅमांहून अधिक भरते. एका खेपेस ४०० किलोग्रॅम दगड वर आला, तरी सेहेचाळीस खेपा होतात. सेहेचाळीस वेळा हे ओझे तळाशी काम करणाऱ्या माणसांच्या डोक्यावरून जाते. म्हणून यारीची रचना समजून घेणे हा केवळ यंत्रशास्त्राचा धडा नव्हे. त्याशी माणसांच्या जिवाचा संबंध आहे.

शक्ती कोठून घ्यावयाची?

ट्रॅक्टरच्या मागील बाजूस एक खाचदार दांडा बाहेर आलेला असतो. त्यास ‘पीटीओ’ असे म्हणतात. मळणीयंत्र, पंप इत्यादी यंत्रांना या दांड्यावरून शक्ती पुरविली जाते. इंजिन ठरलेल्या गतीने चालविले असता हा दांडा मिनिटास ५४० फेरे घेतो. ही गती प्रमाणित आहे.

दोराचा ढोल या दांड्यास सरळ जोडला तर काय होईल? ढोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असल्यास एका फेऱ्यात सुमारे ९४ सेंटिमीटर दोर गुंडाळला जाईल. मिनिटास ५४० फेऱ्यांत हा दोर ५०० मीटरांहून अधिक होतो. अशा वेगाने येणारी दगडांची बादली कोणासही आवरता येणार नाही. वेग कमी करणे आणि त्याच्या मोबदल्यात जोर वाढविणे, हे दंतचक्रांचे काम होय.

यंत्राची रचना

ओझे वर आणावयाचे तसे रिकामी बादली खालीही सोडावयाची असते. परंतु पीटीओचा दांडा एकाच दिशेने फिरतो. ही अडचण सरळ दात्यांच्या चक्रांनी दूर होते. परस्परांत गुंतलेली दोन चक्रे नेहमी विरुद्ध दिशांनी फिरतात. त्यांच्यामध्ये तिसरे चक्र घातले, तर पहिले आणि शेवटचे चक्र एकाच दिशेने फिरू लागतात. या मध्यचक्राने फक्त दिशा पालटते, वेगाचे प्रमाण पालटत नाही. पीटीओला समांतर असा दुसरा दांडा बसवून त्याला एकदा सरळ जोडीने व एकदा मध्यचक्रातून गती देण्याची सोय केली, की एका दांडीने ‘वर’, ‘खाली’ आणि ‘मोकळे’ अशा तिन्ही अवस्था साधतात.

या दुसऱ्या दांड्यावर मळसूत्र कापलेले असते, आणि त्याचे आटे ढोलाच्या आसावरील चक्राच्या दात्यांत गुंततात. मळसूत्र एकआटी असेल, तर त्याच्या एका फेऱ्यात चक्राचा एकच दाता पुढे सरकतो. चक्रास तीस दाते असल्यास मळसूत्राचे तीस फेरे झाल्यावर ढोलाचा एक फेरा पूर्ण होतो. म्हणजे ५४० फेऱ्यांचे १८ फेरे झाले, आणि दोराचा वेग मिनिटास सुमारे १७ मीटर झाला. पंचेचाळीस मीटर खोल विहिरीतून बादली वर येण्यास आता पावणेतीन मिनिटांहून थोडा कमी वेळ लागेल.

मळसूत्राचा आणखी एक गुण आहे. त्याच्या आट्यांचा चढ पुरेसा सौम्य असला, तर मळसूत्र चक्रास फिरवू शकते, पण चक्र मळसूत्रास फिरवू शकत नाही. घर्षण आड येते. चालकाने क्लच दाबला, इंजिन बंद पडले, तरी ओझे आपल्या जागी राहण्यास या गुणाची मदत होते. परंतु या गुणाची किंमत द्यावी लागते. जे मळसूत्र उलटे फिरत नाही, त्यात निम्म्याहून अधिक शक्ती घर्षणात खर्ची पडते आणि तेलपेटी तापते. शिवाय इंजिनाच्या कंपनाने हे घर्षण कमी होऊन ओझे हळूहळू खाली सरकू लागण्याचा संभव असतो. म्हणून केवळ मळसूत्रावर विसंबून न राहता ढोलास स्वतंत्र पट्ट्याचा ब्रेक असलाच पाहिजे.

हिशेब काय सांगतो?

बादली आणि दगड मिळून ५०० किलोग्रॅम वजन मिनिटास १७ मीटर उचलावयाचे आहे. एका मिनिटातील काम ८,५०० किलोग्रॅम-मीटर झाले. एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटास ४,५०० किलोग्रॅम-मीटर काम. यावरून दोरास केवळ १.९ अश्वशक्ती लागते. यंत्रात दिलेल्या शक्तीपैकी शेकडा ४० भागच उपयोगी पडतो असे धरले, तरी पीटीओवरून ४.७ अश्वशक्ती पुरे होते.

बैलजोडीची शक्ती साधारणपणे एक अश्वशक्तीच्या आसपास असते. मध्यम ट्रॅक्टरच्या पीटीओवर मात्र तीस अश्वशक्ती सहज मिळते. म्हणजे गरजेच्या सहापटींहून अधिक शक्ती हाताशी आहे. प्रथमदर्शनी ही सोय वाटते. वस्तुतः धोका येथेच आहे.

वर येताना बादली विहिरीच्या बांधकामातील पुढे आलेल्या दगडाखाली अडकली असे समजा. बैल असते तर ते थबकले असते, आणि हाकणाऱ्यास तत्काळ कळले असते. इंजिनास हे कळत नाही. त्याचा नियंत्रक अधिक इंधन सोडतो आणि ओढ वाढत जाते. तीस अश्वशक्ती म्हणजे मिनिटास १,३५,००० किलोग्रॅम-मीटर. त्यातील शेकडा ४० भाग ५४,००० होतो. त्यास १७ ने भागल्यास दोरावरील ओढ सुमारे ३,२०० किलोग्रॅम येते. पाचशे किलोग्रॅमांसाठी बसविलेल्या यारीवर सहापट ओढ! अशा वेळी झिजलेला दोर, बादलीचा कान, कप्पीचा आस किंवा भिंतीतील दगड यांपैकी जे सर्वांत दुर्बळ असेल ते तुटेल, आणि ते खालीच पडेल.

यावर उपाय असा की, सर्वांत दुर्बळ भाग कोणता असावा हे रचनाकारानेच ठरवावयाचे. पीटीओ आणि यंत्र यांच्या जोडावर हिशेबाने निवडलेली मऊ लोखंडाची खीळ बसवितात. ओढ मर्यादेपलीकडे गेली की खीळ तुटते, इंजिन मोकळे फिरते आणि ओझे ब्रेकवर व मळसूत्रावर थांबते. ही खीळ ढोलाच्या आणि ओझ्याच्या मध्ये कधीही नसावी. तेथे ती तुटल्यास ओझेच सुटेल. तसेच तुटलेल्या खिळीच्या जागी हाताशी आलेला पोलादी बोल्ट ठोकणे म्हणजे यंत्राचा पहारेकरी काढून टाकणे होय.

कप्पी, दोर आणि चाकांची उटी

ढोलावरून आलेला दोर तिकाटण्याच्या पायाजवळील कप्पीखालून वर जातो आणि माथ्यावरील कप्पीवरून विहिरीत उतरतो. माथ्यावर ५०० किलोग्रॅमच भार येतो असा पुष्कळांचा समज असतो. दोर कप्पीच्या दोन्ही बाजूंनी खाली ओढतो. म्हणून माथ्यावरील भार जवळजवळ १,००० किलोग्रॅम असतो. तिकाटणे या दुप्पट भाराच्या हिशेबाने बांधले पाहिजे. पायाजवळ दोर काटकोनात वळतो. तेथील कप्पी सुमारे ७०० किलोग्रॅम जोराने तिरपी वर उचलली जाते. ती नुसत्या खुंटीस बांधून भागत नाही.

ट्रॅक्टर विहिरीच्या काठापासून दूर, टणक जमिनीवर उभा असावा. दोर त्यास ५०० किलोग्रॅम जोराने विहिरीकडे ओढतो. म्हणून हाताचा ब्रेक लावून शिवाय चाकांना उटी लावणे अवश्य आहे.

बादली तळाशी असताना ढोलावर दोराचे निदान तीन वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. दोराचे टोक ढोलास ज्या पकडीने बांधलेले असते, तिच्यावर सारा भार पडू नये हा यातील हेतू. पोलाद आणि पोलाद यांतील घर्षण अल्प असले, तरी तीन वेढ्यांनी टोकावरील ओढ ओझ्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शावर येते. तसेच ढोलावर दोराचा दुसरा थर चढू लागला की ढोलाचा व्यास वाढल्यासारखे होते. दोर बारा मिलिमीटर जाड असल्यास दुसऱ्या थरात वेग शेकडा सुमारे आठने वाढतो. नेमकी बादली काठाजवळ येताना ही वाढ होते, म्हणून तेथे इंजिनाची गती उतरवावी.

माणसाचे स्थान

मोटेवरील बैल थकत, आणि त्यांचे थकणे हा एक प्रकारचा इशाराच असे. यंत्र थकत नाही. म्हणून यंत्राजवळच्या माणसाने अधिक सावध राहावयास हवे. बादली काठोकाठ भरू नये. वरचा दगड घसरला तर तो खालच्या माणसावर पडतो. ओझे वर जात असताना तळातील माणसांनी बाजूस, आडोशास उभे राहावे. दगड उचलण्याच्या यारीवरून माणसे नेऊ-आणू नयेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र शिडी असावी. काठावर उभ्या असलेल्या एकाच माणसाच्या खुणेने चालकाने काम करावे. मात्र ‘थांबा’ ही खूण कोणीही केली तरी ती पाळावी. पीटीओच्या फिरत्या दांड्यावर आच्छादन असावे. धोतर, लुगडे किंवा पागोट्याचा पदर त्यात गुंतल्यास सोडविण्यास अवधी मिळत नाही.

आमेरच्या रहाटाची लाकडी चाके आणि ट्रॅक्टरवरील पोलादी मळसूत्र यांचा नियम एकच आहे: जेवढा वेग सोडावा, तेवढा जोर मिळतो. हा जोर किती मिळाला याचा हिशेब दंतचक्रे करतात. तो किती असावा याचा हिशेब मात्र काठावरच्या माणसानेच करावयाचा असतो.