पीसीओएस : जिवाणूंच्या तपासणीआधी हा हिशेब करा

पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस दिसू लागतात. मग फोनवर एकदा ‘पीसीओएस’ शोधलं की जाहिराती पाठ सोडत नाहीत. त्यातच आता आतड्यातल्या जिवाणूंची तपासणी आली आहे. घरी डबी येते, शौचाचा नमुना भरून कुरिअरने पाठवायचा आणि काही आठवड्यांनी रंगीत रिपोर्ट मिळतो. खर्च साधारण 5,000 ते 15,000 रुपये. माझं मत आधीच सांगते : पीसीओएससाठी हे पैसे आज घालू नका.

यामागचं संशोधन खोटं नाही. 2019 मध्ये पेकिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘नेचर मेडिसिन’मध्ये दाखवलं, की पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या आतड्यात बॅक्टेरॉइडिस व्हल्गेटस हा जिवाणू जास्त आढळतो. या स्त्रियांचे जिवाणू उंदरांच्या माद्यांच्या पोटात सोडल्यावर त्यांच्यातही तशीच लक्षणं दिसू लागली. पण तिथून बाईच्या प्रिस्क्रिप्शनपर्यंत मजल अजून गेलेली नाही. रिपोर्टात एखादा जिवाणू लाल पट्ट्यात आला, तरी त्यावरून पीसीओएसची गोळी ठरत नाही, कारण निरोगी आतड्याची सर्वमान्य मोजपट्टीच नाही. नुकतंच अँटिबायोटिक घेतलं असेल तर आकडे आणखी हलतात. आणि शेवटच्या पानावर पुष्कळदा त्याच कंपनीच्या कॅप्सूल सुचवलेल्या असतात, तेही बघून ठेवा.

निदानाला काय लागतं? 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पाळी अनियमित असेल आणि पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणंही असतील, तर थायरॉइड, प्रोलॅक्टिनसारखी दुसरी कारणं तपासून वगळली की पुरे. सोनोग्राफीवाचूनही अडत नाही. लागलीच, तर मोठ्या बायकांत सोनोग्राफी किंवा एएमएच ही रक्ततपासणी, यातली एकच. खासगी लॅबमध्ये दोन्हींना प्रत्येकी हजार-दोन हजार पडतात, म्हणजे एक खर्च तिथेच वाचला. नुकती पाळी सुरू झालेल्या मुलींच्या निदानासाठी दोन्ही नकोत. मात्र 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची साखरेची तपासणी चुकवू नका. ती काही शे रुपयांत होते, आणि वजन बेताचं असलेल्या बाईनेही ती करायची असते.

औषधांत मेटफॉर्मिन स्वस्त. साधी 500 मिलिग्रॅमची गोळी दोन रुपयांच्या आसपास, जनऔषधी केंद्रात त्याहून कमी. दिवसाला तीन घेतल्या तरी महिन्याचं बिल दोनशेच्या आत. गंमत म्हणजे हीच गोळी आतड्यातले जिवाणूही बदलते. सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात, म्हणून डॉक्टर डोस हळूहळू वाढवतात. वर्षानुवर्षं घेणार असाल, त्यातून शाकाहारी असाल, तर बी-12 तपासून घ्या. पाळी नियमित करायला गर्भनिरोधक गोळ्या आणि मूल हवं असेल तर लेट्रोझोल, हे निर्णय डॉक्टरांसोबतच घ्यायचे. पहिल्या पसंतीच्या या उपचारांत प्रोबायोटिक नाही.

तरीही प्रोबायोटिक घ्यायचंच असेल, तर कॅप्सूलला 15 ते 40 रुपये, म्हणजे महिन्याला 450 ते 1,200. पीसीओएसवरच्या चाचण्या बहुतेक आठ-बारा आठवड्यांच्या, थोड्या बायकांवरच्या. त्यातल्या बऱ्याच इराणमधल्या. इन्सुलिनमध्ये थोडा फरक दिसतो, पाळी सुधारण्याची खात्री नाही. म्हणून तीन महिन्यांपलीकडे पैसे घालू नका. बाटली उलटी करून लेबल वाचा. जिवाणूचं नुसतं नाव पुरत नाही, त्यापुढे वाणाचा क्रमांक हवा. जिवंत जिवाणूंचा आकडा ‘उत्पादनाच्या वेळी’ असा दिला आहे की मुदत संपेपर्यंतचा आहे, ते पाहा. फ्रिजमध्ये ठेवायचं औषध दुकानदाराने मे महिन्यात फळीवर ठेवलं असेल, तर तो आकडा छापण्यापुरताच. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर कायद्याने ‘औषधी वापरासाठी नाही’ असं लिहावं लागतं; जाहिरात काहीही म्हणो. कर्करोगाचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर विचारल्याशिवाय कॅप्सूल घेऊच नका.

स्वयंपाकघरात हाच पैसा जास्त पुरतो. जिवाणूंना खायला तंतुमय पदार्थ लागतात : ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, जवसाची चटणी, पालेभाजी. मटकी किलोला दीडशेच्या आतबाहेर आणि घरात चार-पाच वेळा तरी उसळ होते. विरजणाच्या दह्यात नेमका कोणता वाण आहे हे सांगता येत नाही, पण जेवणात ते चांगलंच. कढी उकळली की मात्र त्यातले जिवाणू गेले. ती चवीसाठी खा. फायबर एकदम वाढवलं तर पोट फुगतं, तेव्हा बेताबेताने.

खासगी फी झेपत नसेल तर सरकारी किंवा महापालिका रुग्णालयातला स्त्रीरोग विभाग आहे. मुंबईत परळला आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत पीसीओएससाठी खास क्लिनिक चालतं. जाताना जुने रिपोर्ट आणि मागच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा लिहून न्या, म्हणजे त्याच तपासण्यांचे पैसे पुन्हा पडणार नाहीत.