स्कॅलपचे बीज व मासेमारी

बियाण्यासाठी काहीही न राखता सारे धान्य विकणारा शेतकरी विरळाच. समुद्रातील शिंपल्यांच्या बाबतीत मात्र ही चूक सहज घडते. स्कॅलपचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

स्कॅलप हा तिसऱ्यांप्रमाणे दोन शिंपांचा प्राणी होय. पाण्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून तो आपली उपजीविका करतो. शिंपा झपाट्याने मिटून तो पोहूही शकतो. त्यासाठी लागणारा जाड स्नायू हाच त्याचा खाद्य भाग. मादीची अंडी व नराचे बीज पाण्यात सोडले जाऊन तेथेच त्यांचा संयोग होतो. म्हणून प्राणी विरळ झाल्यास फलधारणाही घटते. पिले महिनाभर प्रवाहाबरोबर वाहतात व नंतर तळाशी स्थिरावतात.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यापलीकडील जॉर्जेस बँक या उथळ समुद्रभागात सापडणाऱ्या जातीचा स्नायू वयाच्या ३ ते ५ वर्षांच्या काळात वजनाने सुमारे चौपट होतो. ही जात दुसऱ्या वर्षी वयात येते. परंतु भरपूर अंडी चौथ्या वर्षापासूनच मिळतात. अर्थात लहान स्कॅलप पकडल्याने मांस व बीज या दोहोंची हानी होते. शिवाय तळावरून ओढल्या जाणाऱ्या लोखंडी कड्यांच्या जाळ्याने मागे राहिलेले काही प्राणी चिरडतात व पिलांना आधार देणारा तळही विसकटतो.

डिसेंबर १९९४ मध्ये इतर मासळीच्या रक्षणासाठी तेथील काही क्षेत्रे बंद करण्यात आली. त्याचा लाभ स्कॅलपलाही झाला. जुलै १९९८ मधील पाहणीत बंद क्षेत्रांत पकडण्याजोग्या स्कॅलपचे वजन शेजारच्या खुल्या क्षेत्रांच्या १४ पट आढळले. १९९९ मध्ये काही भाग मर्यादित प्रमाणात खुला करण्यात आला. पुढे २००४ मध्ये आळीपाळीने क्षेत्रे बंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली. तसेच लहान स्कॅलप निसटावेत म्हणून जाळ्याची कडी ४ इंचांची करण्यात आली.

आपल्या खाड्यांतील तिसऱ्यांचे बीजही पाण्यातच एकत्र येते. त्यांच्या वाढीचा काळ निराळा असला, तरी तत्त्व तेच आहे. किनाऱ्यावरील ग्रामसेवकांनी तिसऱ्या वेचणाऱ्या कुटुंबांना एकत्र बोलावून लहान तिसऱ्या परत सोडण्याचे व खाडीचा एखादा भाग आळीपाळीने राखण्याचे महत्त्व पटवून द्यावे. एका कुटुंबाने राखले व दुसऱ्याने वेचले, तर हा उपाय व्यर्थ ठरेल. म्हणून निर्णय सर्वांनी मिळून घेणे आवश्यक आहे.