सर्वांत लहान पाऊल
(लहान मुलांसह डोंगरात दोन दिवस: पालकांसाठी अभ्यासलेख)



नाताळ आणि त्यानंतरचा जानेवारी हा आपल्याकडे सहलींचा काळ. थंडी सुखाची असते, रस्ते कोरडे असतात आणि मुलांना सुटी असते. हल्ली अनेक तरुण कुटुंबे रिसॉर्टवर न जाता डोंगरात तंबू ठोकून शनिवार-रविवार घालवू लागली आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत आईबाबा मुलांच्या सोबत, आणि हातात मोबाईल नाही, असे वर्षातून किती वेळा घडते?

परंतु चार-पाच वर्षांच्या मुलाला घेऊन डोंगरात रात्र काढणे म्हणजे मोठ्यांचीच सहल थोडी छोटी करणे नव्हे. ती सहलच वेगळी असते आणि तिची तयारीही वेगळी असते. आम्ही काही कुटुंबे मिळून भंडारदऱ्याच्या परिसरात जात असतो. म्हणून या लेखातील उदाहरणे तिथलीच आहेत. सूत्र मात्र कुठल्याही डोंगराला लागू पडावे: सहलीचा वेग सर्वांत लहान पाऊल ठरवते. हे एकदा मनाशी पक्के झाले की बाकीचे निर्णय सोपे होतात.

१. जागा आणि ऋतू

भंडारदरा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात येते. प्रवरा नदीवरील येथील विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या मागे पसरलेल्या जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. वसईहून जाताना भिवंडी, शहापूर, कसारा घाट आणि इगतपुरी करून घोटीला यायचे व तिथून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागायचे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, त्यामुळे कसारा घाटाची वळणे टाळायची सोयही आता आहे. ज्यांच्या मुलांना घाटात उलटी होते त्यांना याचे मोल कळेल.

लहान मुलांसाठी तंबूचा काळ म्हणजे दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, परंतु तेव्हा चिमुकल्यांना घेऊन उतारावर किंवा ओढ्याकाठी मुक्काम करू नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. वर डोंगरात पाऊस वाढला की खाली पाण्याचा लोंढा किती थोड्या वेळात येतो, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्या कुटुंबाला नावे ठेवण्याऐवजी आपण त्यातून शिकावे.

२. वाट कुठे संपवायची?

भंडारदऱ्याला जाताना वाटेत बारी गाव लागते. कळसूबाईची वाट तिथूनच वर चढते. हे शिखर १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातील सर्वांत उंच. वाटेत लोखंडी शिड्या आहेत. सराव असलेल्या मोठ्या माणसालाही वर पोहोचायला तीन तास सहज लागतात. साहजिकच बाबांचे डोळे शिखराकडे लागतात. मुलाचे डोळे मात्र पायाखाली असतात. त्याला खेकड्याचे बीळ दिसते, मुंग्यांची रांग दिसते, मोज्यांत अडकलेले कुसळ दिसते. अर्धा तास चालून तो जेमतेम पुढच्या बांधापर्यंत पोहोचतो आणि त्याला त्याचे काहीच वाटत नाही. घाई फक्त आपल्याला असते.

यासाठी आम्ही घड्याळाचा नियम पाळतो. घरून निघण्यापूर्वीच ठरवायचे की अमुक वाजता जिथे असू तिथून परत फिरायचे. शिखर किती जवळ आले आहे, हे त्या वेळी विचारायचे नाही. हा नियम मुलांनाही आधीच सांगायचा.

एका वर्षी आमच्यातील एका कुटुंबाने बारीच्या वाटेवर अकरा ही वेळ ठरवली होती. धाकटी पाच वर्षांची, थोरला नऊ वर्षांचा. पावणेअकराला धाकटी एका दगडावर बसली ती उठेना. थोरल्याचे पाय मात्र शिवशिवत होते. "बाबा, पहिली शिडी तर दिसतेय!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. अकरा वाजले आणि सारे परत फिरले. थोरला दुपारच्या जेवणापर्यंत कोणाशी बोलला नाही. रात्री त्याने विचारले, "पुढच्या वेळी मी आणि बाबा दोघेच गेलो तर?" आईने सांगितले, "जा की. त्या दिवशी मी आणि छोटी तळ्याकाठी बसू."

या प्रसंगात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, थोरल्या मुलाचा हिरमोड खरा असतो. त्याला "तू मोठा आहेस, समजून घे" एवढे सांगून भागत नाही. त्याच्या इच्छेलाही कधीतरी तिची वेळ मिळाली पाहिजे. दुसरे म्हणजे, धाकटीला कोणी "तुझ्यामुळे राहिले" असे म्हटले नाही. परत फिरण्याचा निर्णय घड्याळाने घेतला, तिने नव्हे. ज्या मुलाला लहानपणी ओझे ठरवले जाते, ते पुढे डोंगराला भिते आणि पाय दुखला तरी सांगत नाही. डोंगरात न सांगितलेले दुखणे फार धोक्याचे असते.

३. रात्र आणि थंडी

उंची वाढली की हवा गार होते. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश, असा ढोबळ हिशेब आहे. त्यात डोंगरातील निरभ्र रात्र असली की जमीन आपली ऊब झपाट्याने गमावते. आपल्या किनारपट्टीवरच्या मुलांना अशा थंडीची सवय नसते. शिवाय लहान मुलाचे शरीर वजनाच्या मानाने अधिक पृष्ठभाग उघडा ठेवते, म्हणून ते मोठ्यांपेक्षा लवकर गार पडते. मोठ्या माणसाला थंडी सुखद वाटत असेल, तेव्हाही मुलाची मान व पोट हाताने तपासून पाहावे.

पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

• अंगावरच्या पांघरुणाइतकेच अंगाखालचे अंथरूण महत्त्वाचे. ऊब खालच्या जमिनीत निघून जाते. फोमची मॅट, तिच्यावर सतरंजी आणि मग गोधडी असे थर करावेत.
• दिवसभर खेळून घामेजलेले कपडे झोपण्यापूर्वी बदलावेत. कोरडे मोजे व कानटोपी घालावी.
• तंबूच्या जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात. पूर्ण बंद तंबूत श्वासाचेच पाणी होऊन पहाटे अंथरूण ओले होते.
• कोळशाची शेगडी, स्टोव्ह किंवा निखारे तंबूत कधीही आणू नयेत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूला रंग नसतो, वास नसतो. झोपेतच माणूस दगावतो. थंडी असह्य झाली तर मुलांना घेऊन गाडीत किंवा गावातल्या घरात जावे, तंबूत विस्तव नेऊ नये.
• तंबू वाळलेल्या फांदीखाली, कड्याच्या पायथ्याशी किंवा ओढ्याच्या पात्रात लावू नये.

अंधाराचे भय हाही रात्रीचाच भाग आहे. शहरातील मुलाने खरा अंधार कधी पाहिलेलाच नसतो. त्याला त्याची स्वतःची छोटी विजेरी द्यावी. मग थोडा वेळ सगळ्यांच्या विजेऱ्या एकदम विझवून आकाशाकडे पाहावे. डिसेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडे मृग नक्षत्र वर आलेले असते. त्याच्या मधले तीन तारे मुलेही चटकन ओळखतात. त्याच्या वरच्या बाजूला तांबूस रोहिणी आणि कृत्तिकांचा पुंजका. अंधारात पाहण्याजोगे काही आहे हे एकदा कळले की भीती बरीच ओसरते.

४. पाणी, विंचू आणि साप

तळ्याकाठच्या मुक्कामात सर्वांत मोठा धोका पाण्याचा असतो. जलाशयाचा काठ पायरीसारखा एकाएकी खोल जातो आणि तळाशी गाळ असतो. पोहता येणारा मोठा माणूसही त्यात अडकतो. लहान मूल पाण्याजवळ असेल तेव्हा एका मोठ्या माणसाचा हात त्याच्यापर्यंत पोहोचेल, इतक्या अंतरात तो असला पाहिजे. "सगळे लक्ष ठेवून आहेत" म्हणजे बहुधा कोणीच नाही. म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी नाव घेऊन ठरवावी.

कोकणात व सह्याद्रीत लाल विंचू आढळतो. मोठ्यांपेक्षा लहान मुलांना त्याचे विष अधिक घातक ठरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने या दंशावर उपचार करून दाखवले आणि अनेकांचे प्राण वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे उपाय आहे, परंतु तो डॉक्टरांकडे आहे. दंशानंतर मुलाला दरदरून घाम आला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर एक क्षणही वाया घालवू नये. सकाळी बूट झटकल्याशिवाय घालू नयेत, दगड उचलून खेळू नये, हा नियम मुलांना तोंडपाठ असावा.

मण्यार साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. अनेकदा दंश जाणवतही नाही. म्हणून तंबूची चेन सदैव बंद ठेवावी आणि रात्री मुलाला एकट्याने बाहेर सोडू नये. सर्पदंश झाल्यास जखम चिरणे, तोंडाने विष ओढणे, दोरीने आवळणे, मांत्रिकाकडे नेणे यांपैकी काहीही करू नये. मुलाला धीर द्यावा, तो अवयव हलू देऊ नये आणि सरळ रुग्णालय गाठावे. सर्पविषावरील लस तिथेच मिळते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यभर आहे, परंतु डोंगरात रेंज असेलच असे नाही. म्हणून जवळचे सरकारी रुग्णालय कुठे आहे, मुक्कामापासून किती वेळ लागतो आणि रेंज कुठवर मिळते, हे पोहोचताच गावात विचारून ठेवावे.

५. ज्यांच्या अंगणात आपण उतरतो

हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. ते १९८६ मध्ये जाहीर झाले. डिसेंबरनंतर इथले गवत वाळून कडकडीत होते आणि एका ठिणगीने वणवा पेटतो. कड्यांवर आग्या मोहोळ असते, त्याला धूर सहन होत नाही. म्हणून जंगलात शेकोटी नको. गावात ज्यांच्याकडे मुक्काम असेल, त्यांनी दाखवलेल्या जागीच विस्तव करावा आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून तो विझवावा. मोठा स्पीकर घरीच ठेवावा.

येथील गावांत प्रामुख्याने महादेव कोळी व ठाकर समाजाची कुटुंबे राहतात. अनेक जण पर्यटकांना जेवण देतात. गरम भाकरी, पिठले आणि ठेचा यांची चव मुलांनाही कळते, ठेचा मात्र बेताने! मुलांना त्या चुलीजवळ बसू द्यावे, प्रश्न विचारू द्यावेत. याच अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणे जपली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या हातांना आपण 'अडाणी' समजतो, त्या हातांनी काय राखले आहे, हे मुलांना पुस्तकाबाहेर कळण्याची ही संधी असते. ठरलेल्या पैशांत घासाघीस करू नये आणि आपला कचरा आपल्याच पिशवीत घालून घरी आणावा.

६. रविवारचे काय?

शनिवार-रविवार बाहेर जायचे म्हटले की मिस्साचा प्रश्न येतोच. शनिवारच्या सायंकाळच्या मिस्सात सहभागी झाल्यास रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. रविवारी सकाळी लवकर आवरून सायंकाळच्या मिस्साला आपल्या धर्मग्रामात पोहोचणेही शक्य असते. मात्र हे निघण्यापूर्वी ठरवावे. नाहीतर मिस्सासाठी म्हणून घाटातून गाडी पळवली जाते, आणि मागे मुले असताना ते कोणालाच मान्य होणार नाही. इथेही नियम तोच: घाई नको, तयारी हवी.

दोन दिवसांत किती किलोमीटर चाललो, हे मुले वर्षभरात विसरून जातील. आपण दमलो तेव्हा बाबा थांबले, अंधारात आईचा हात होता, हे मात्र त्यांच्या मनात राहील. कळसूबाई कुठे जात नाही. मुलांचे पाय मोठे होईपर्यंत ती तिथेच आहे.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आमच्या घरात सर्वांत सावकाश चालणारे कोण? लहान मूल की आजी-आजोबा? त्यांच्यासाठी आम्ही थांबतो की त्यांना मागे ठेवतो?
२. परत फिरण्याची वेळ आम्ही आधी ठरवतो का? ठरलेली वेळ मोडण्याचा मोह सर्वांत जास्त कोणाला होतो?
३. थोरल्या मुलाला दिलेला कोणता शब्द अजून पाळायचा राहिला आहे?
४. पुढील सहलीत पाण्याजवळच्या पाळ्या कोणाकोणाच्या? नावे आजच लिहून ठेवा.